बस्तीच्या कपाटातला समुद्र

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. एक म्हणते, पण मोजायला बसलात तर आम्ही अकरा जणी. बारावी मागाहून आली, तिची हकिकत शेवटी. आम्हा सगळ्यांना एकाच कापडात, एकाच दोरीनं बांधलंय, म्हणून बोलताना मी आपली 'मी' म्हणते. माझी पानं पिवळी पडलीत, कडा खाऱ्या हवेनं कुरतडल्यात, तिसऱ्या वहीवर बसऱ्याच्या नदीच्या पाण्याचा डाग आहे. पण मी आहे, आणि माझं एकही पान फाटलेलं नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही, हुश्श करून सांगते. कारण मला चुलीत घालायचं जवळजवळ ठरलं होतं.

जुना कागद दिसला की माणसाचा हात आधी चुलीकडे जातो, नाहीतर वाण्याकडे. निपाणीच्या बाजारात मी किती तरी माणसांची आयुष्यं तंबाखूच्या पुड्या होऊन जाताना पाहिली आहेत. कुणाची पत्रं, कुणाच्या कविता, कुणाच्या मेलेल्या लेकराची शाळेची वही. विकणाऱ्याला लाज नाही आणि घेणाऱ्याला डोळे नाहीत. मला राग येतो. येणारच. मीही त्याच जातीची आहे.

मला लिहिणारा माणूस पायगोंडा. निपाणीजवळच्या बोरगावचा, जैन शेतकऱ्याचा मुलगा. बेळगावात कॅम्पाशेजारी राहून चार इयत्ता इंग्रजी शिकला आणि १९१२ साली घरात न सांगता मुंबईला जाऊन सरकारी आरमारात खलाशी झाला. तेव्हा त्या आरमाराला रॉयल इंडियन मरीन म्हणत. बोरगावात बातमी आली तेव्हा बापानं अंघोळ केली. मेलेल्याची करतात तशी. गावाचं म्हणणं एकच, जैनाचं पोरगं, आणि माणसं मारायच्या जहाजावर?

आता मी सांगते ते ऐका, कारण गावानं कधी विचारलं नाही. पायगोंडानं चौतीस वर्षांत एक गोळी झाडली नाही. तो समुद्र मोजायच्या जहाजावर होता. लांब दोरीला शिशाचा गोळा बांधायचा, पाण्यात सोडायचा, तळ लागला की दोरीवरची खूण वाचून खोली ओरडून सांगायची. खोली मोजतात वावेत. दोन्ही हात पसरले की जेवढं अंतर होतं तेवढी एक वाव. गोळ्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरतात, म्हणजे तळाची माती चिकटून वर येते. पहिल्याच दिवशी गोऱ्या साहेबानं पायगोंडासमोर चरबीचा डबा ठेवला. पायगोंडा म्हणाला, "मी चरबीला हात लावणार नाही." साहेब म्हणाला, "मग घरी जा." पायगोंडानं खोबरेल तेलाचा साबण आणला, मळून खळग्यात भरला आणि गोळा सोडला. माती चिकटून आली. साहेबानं माती बघितली, साबण बघितला आणि चरबीचा डबा उचलून नेला.

ही असली माणसं दोनच ठिकाणी टिकतात, देवळात नाहीतर समुद्रावर.

माझा जन्म त्याच वर्षीचा. सरकारी नोंदवह्या काळ्या चामड्याच्या बांधणीत यायच्या. सरकारच्या नोंदी तो त्यात लिही, कारण ती नोकरी होती. पण स्वतःसाठी लिहायला त्यानं मुंबईच्या बाजारातून कोरे ताव आणले, स्वतः शिवले आणि जहाजावर उन्हासाठी ताणतात त्या कॅनव्हासच्या तुकड्यात बांधले. चामडं नको म्हणून. पाठीमागे आपल्याच रानातलं तंबाखूचं एक पान घातलं, कसर लागू नये म्हणून. सोबतचे खलाशी ते पान ओढायला मागत. तो देत नसे. हसून म्हणायचा, "ते वहीचं आहे."

माझ्यात काय होतं? उजव्या पानावर खोली, तळाची माती, वारा. डाव्या पानावर माणसं. कोण कुठल्या गावचा, कोण आजारी पडला, कुणी काय म्हटलं, कोणत्या साहेबानं कुणाला लाथ मारली. सगळं मराठीत, सगळं वेळेसकट. पहिल्या महायुद्धात जहाज बसऱ्याला गेलं, तेव्हा तळाची माती कमी आणि माणसंच जास्त लिहावी लागली.

माझ्या जन्मापासून एक नियम मला पाळावा लागला, तो नीट लक्षात ठेवा. जहाजाच्या वहीतलं पान फाडायचं नाही. चूक झाली तर खोडरबर नाही, शाईचा बोळा नाही. चुकीच्या ओळीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. खाली खरं काय ते लिहायचं. आणि ज्यानं दुरुस्ती केली त्याची सही. पायगोंडा म्हणायचा, "पान फाटलं की सगळी वही खोटी."

दर वर्षी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला तो आणखी एक काम करी. त्या दिवशी आमच्या भागातल्या जैन बस्त्यांमध्ये, म्हणजे मंदिरांमध्ये, श्रुतपंचमी असते. वर्षभर कपाटात बंद असलेली शास्त्रं बाहेर काढतात, झटकतात, वारा देतात आणि नव्या कापडात बांधतात. त्या कापडाला वेष्टन म्हणतात. भर समुद्रात त्याच्यापाशी शास्त्र कुठलं? तो मला बाहेर काढी, डेकवर पसरून पान अन् पान उलटी. खलाशी हसत. एकदा लिहिलेलं आहे, '१९२१, श्रुतपंचमी. अरबी समुद्र, एकवीस वाव, बारीक वाळू. आता बोरगावात वेष्टनं बदलत असतील. तारामती नवं कापड घेऊन गेली असेल.'

तारामती त्याची बायको. हा माणूस सोसणारा होता, सरळ होता, पण बायकोच्या बाबतीत तो चुकला, हे मी त्याच्या तोंडावर सांगेन. वर्षाला चाळीस दिवस रजा. बाकीचे दिवस ती एकटी. तंबाखूची लावण तिनं केली, खुडणी तिनं केली, दोन्ही लेकींची लग्नं तिनं लावली. 'खलाशाची बायको' म्हणून पाणवठ्यावर टोमणे तिनं खाल्ले. आणि हा रजेवर आला की जेवून हात धुतला न धुतला तोच मला उघडून बसायचा. ती दारात उभी राहून म्हणायची,

"आलं बगा. सवतीचं तोंड बगितल्याबिगर घास उतरत न्हाय."

"अगं, वही हाय ती."

"व्हय, वहीच. माझ्यासंगं चाळीस दिस, तिच्यासंगं तीनशे पंचवीस. सवत न्हाय तर काय म्हणू, धाकटी जाऊ?"

तिचं काही चुकत नव्हतं. मला वाईट वाटायचं, पण मी काय करणार?

चौतीस वर्षांत तो खलाशाचा वॉरंट अधिकारी झाला. खांद्यावर पट्टी आली, गोऱ्यांच्या मेजावर मात्र जागा आली नाही. शेवटची तीन वर्षं डोळे कमी झाले म्हणून त्याला जहाजावरून उतरवून मुंबईच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात ठेवलं. तिथं तरुण खलाश्यांच्या ताटात किडकी डाळ यायची आणि तक्रार केली तर शिवी यायची. माझ्या अकराव्या वहीत डाळीचे किडेसुद्धा तारखेनुसार आहेत.

फेब्रुवारी १९४६ मध्ये आरमारातले खलाशी संपावर गेले. त्या ठाण्यातल्या पोरांनीही ताटं पुढे सरकवली आणि काम बंद केलं. पायगोंडा संपात उतरला नाही. मी खोटं सांगणार नाही, तो वीरबीर नव्हता. त्याची निवृत्ती दोन महिन्यांवर होती. पण तो भिंतीशी उभा राहिला आणि त्यानं लिहिलं. पुढे उभ्या राहिलेल्या सतरा पोरांची नावं, गावं आणि प्रत्येक जण काय बोलला ते, वेळेसकट.

संप मोडला आणि चौकशी लागली. वरिष्ठांनी पायगोंडाला बोलावून विचारलं, "म्होरके कोण?" तो म्हणाला, "ते मी सांगणार नाही." ते म्हणाले, "तू सगळं लिहून ठेवतोस म्हणे." तो गप्प. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. एप्रिलमध्ये तो पेटी घेऊन बोरगावला परतला. मी त्या पेटीत होते आणि माझ्या पोटात सतरा पोरं होती.

जूनच्या आरंभी निपाणीहून बातमी आली, फौजदार आलाय, बोरगावच्या आरमारवाल्याची झडती घ्यायचा कागद घेऊन. ती संध्याकाळ मला पाठ आहे.

तारामती भाकरी थापत होती. तिनं पीठ लागलेला हात माझ्याकडे केला. "त्यात पोरांची नावं हायत?"

"हायत."

"फौजदाराच्या हातात गावली तर?"

"पोरं तुरुंगात जातील."

"मग ते पान फाडा."

"पान फाडायचं नसतं."

"अवो, सतरा पोरांच्या आया बसल्यात वाट बगत, आणि तुमी पानाचं काय घिऊन बसलाय!"

"तारा, ऐक. उद्या कुणी म्हणंल, डाळीत किडं नव्हतं, पोरं माजली हुती. तवा त्यांच्या बाजूनं बोलायला ही एकच वही हाय. पान फाडलं की वही खोटी. मग पोरंबी खोटी."

"मग आख्खी जाळा!"

त्यानं मला कपाटात ठेवलं. उठून अंगणात गेला. मोठ्या समुद्रात एकतीस वर्षं उभा राहिलेला माणूस अंगणातल्या तुळशीपाशी हात मागे बांधून उभा होता. पोरांना तुरुंगात घालायचं की पोरांचं खरं चुलीत घालायचं, यातलं त्याला काहीच जमत नव्हतं. आणि मित्रांनो, मी कपाटात पडल्या पडल्या चुलीचा उजेड बघत होते.

दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध पंचमी. तो विहिरीवर अंघोळीला गेला. तारामतीनं कपाट उघडलं, मला बाहेर काढलं आणि थेट चुलीपाशी नेलं. संपलं, असं मला वाटलं. तिनं माझ्या पाठीतलं तंबाखूचं पान काढलं आणि विस्तवात टाकलं. मग पेटीतले जुने मुंबईचे पेपर, ज्यात त्यानं कपबश्या गुंडाळून आणल्या होत्या, ते एक एक करून जाळले. मला मात्र धुतलेल्या लुगड्यात गुंडाळलं, वर नवं पिवळं कापड ठेवलं आणि म्हणाली, "चल गं सवती. बस्तीत तंबाखू चालत न्हाय म्हणून पान काढलं. रागाऊ नगंस."

बस्तीत बायका नवी वेष्टनं घेऊन आल्या होत्या. ओवरीत पांढऱ्या कापडावर शास्त्रं वाऱ्याला ठेवली होती. मधे जिनपाल उपाध्ये बसले होते, बस्तीचे पुजारी, सत्तरीचे, काचा दोऱ्यानं बांधलेला चष्मा. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस. तारामती त्यांना मला लपवायला सांगणार होती की नाही, ते तिचं तिलाच ठाऊक. तिनं मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि तिची जीभच उचलेना.

उपाध्यांनी आधी तेच विचारलं जे ते सगळ्यांना विचारायचे. "ताराक्का, चामडं न्हाय न्हवं ह्याला?"

"न्हाय अण्णा. सुती कापड हाय."

त्यांनी पहिली वही उघडली. डोळ्यांपाशी नेली. वाचू लागले, "सात वाव, शंखमिश्र वाळू. नऊ वाव, काळा चिखल. अकरा वाव..." पान उलटलं. पुन्हा खोली, पुन्हा वाळू. उजव्या पानावर आकडेच आकडे. म्हाताऱ्यानं वही मांडीवर घेतली.

तुम्हाला सांगायला हवं. जैन शास्त्रांत आपल्या जंबूद्वीपाभोवती एक खारा समुद्र सांगितलाय, लवणसमुद्र. तो किती रुंद, किती खोल, याची मापं ग्रंथांत दिलेली असतात. उपाध्यांनी चाळीस वर्षं ती मापं पाठ म्हटली होती. आणि आता त्यांच्या मांडीवर एक वही होती जिच्यात समुद्राची खोली वाव अन् वाव लिहिली होती.

"लवणसमुद्र!" ते पुटपुटले. "बोरगावात हुतं हे, आणि मला ठाऊक न्हाय. कुणी लिवलंय, आक्का?"

"आत... आत नाव असंल, अण्णा."

"साधू लोक नाव लिवत न्हाईत." त्यांनी पुढचं काही उघडलंच नाही. मला मस्तकाला लावलं, नव्या पिवळ्या कापडात बांधलं आणि लोकवर्णनाच्या, म्हणजे विश्वाची रचना सांगणाऱ्या, ग्रंथांशेजारी ठेवलं. डाव्या पानांवरची बारीक अक्षरं त्यांच्या चष्म्याला लागली नाहीत. अकरावी वही तर गठ्ठ्यात सगळ्यात खाली होती. 

तेवढ्यात फौजदार आला. आधी तो घरी गेला होता. तिथलं मला नंतर कळलं. त्यानं पायगोंडाला विचारलं, "वह्या कुठं आहेत?" पायगोंडानं कपाट उघडलं, रिकामं बघितलं आणि चुलीकडे बघितलं. चुलीत कागदाची राख होती. तो म्हणाला, "काल हितं हुत्या. आता न्हाईत." फौजदार तसा हुशार. राख बघून गप्प बसणारा नव्हता. बायको कुठं आहे विचारलं आणि बस्तीच्या दारात येऊन उभा राहिला. बरोबर शिपाई भावकू, खानापूरकडचा.

"आत झडती घ्यायची आहे," फौजदार म्हणाला.

उपाध्ये उठले. "घ्या की. पट्टा, बूट, पिस्तुलाची पिशवी, टोपीची वादी, चामडं हाय तेवढं भाईर ठेवा. विहिरीवर अंघोळ करा. धूतवस्त्र मी देतो. मग शास्त्राला हात लावा."

फौजदारानं पिस्तुलावर हात ठेवला. "हे मी बाहेर ठेवू शकत नाही."

"मग तुमी बी भाईरच ऱ्हावा."

बायकांत खुसखुस झाली. फौजदारानं मागे बघितलं. "भावकू, तू जा."

भावकू दोन पावलं मागं सरला. "साहेब, मी सकाळी सुकटीची चटणी खाऊन आलतो."

"अंघोळ कर!"

"अंघोळीनं पोटातली सुकट जाती व्हय, साहेब?"

आता बायका उघड उघड हसल्या. फौजदार लाल झाला. त्यानं खिशातून कागद काढून वाचला, "काळ्या चामडी बांधणीच्या वह्या. समुद्री नोंदी. आहेत इथं?"

उपाध्ये असे दचकले की चष्मा नाकावरून घसरला. "चामडी बांधणी? शास्त्राला? फौजदार, तुमी काय बोलताय ते कळतंय का तुमास्नी?"

"ते पिवळ्या कापडातलं उघडा. ते, त्या टोकाचं."

मित्रांनो, त्याचं बोट माझ्याकडं होतं. पन्नास गठ्ठे होते तिथं आणि बोट माझ्याकडं. तारामतीनं हातातलं वेष्टन इतकं घट्ट धरलं की ते टरकलं.

उपाध्यांनी माझी गाठ सोडली, दारापासून दहा हातांवर उभं राहून पहिली वही वर धरली आणि खणखणीत आवाजात वाचली, "तेरा वाव. बारीक वाळू. पंधरा वाव. काळा चिखल, शंखाचे तुकडे."

"हे काय आहे?"

"लवणसमुद्राची खोली."

"समुद्राच्या बुडाशी वाळू असते हे सांगायला शास्त्र लागतं?"

"मग तुमी उतरून मोजलंय काय?" म्हातारा म्हणाला. "ज्यानं मोजलं त्यानं लिवलं. तुमी दारात उभं ऱ्हाऊन हसू नगा."

फौजदारानं कॅनव्हासचं कापड बघितलं, मराठी अक्षरं बघितली, हातातला कागद बघितला. काळं चामडं कुठंच नव्हतं. भावकू हळूच म्हणाला, "साहेब, ऊन लई झालं." फौजदारानं तारामतीला विचारलं, "चुलीत काय जाळलं?" ती म्हणाली, "कागद." हे तर खरंच होतं. त्यानं तसं लिहून घेतलं आणि तो निघून गेला.

मी जिवंत राहिले. म्हाताऱ्याच्या सचोटीनं राहिले आणि गोऱ्या साहेबांच्या डोक्यानं राहिले. वही म्हणजे चामड्याचीच असणार, असं ते धरून चालले होते. हिंदुस्थानातला माणूस आपल्या हातानं आपली वही बांधू शकतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पण घरी काय झालं ते ऐका. पायगोंडानं तारामतीला एकदाच विचारलं, "चुलीत घातलीस?" ती खाली बघून भाकरी थापत राहिली. त्याला खोटं बोलता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. फौजदार पुन्हा आला असता तर? म्हणून ती गप्प राहिली. त्यानं त्या दिवशी एक नवी कोरी वही काढली, तारीख घातली आणि एकच ओळ लिहिली, 'वह्या जळाल्या. पुढे लिहिणे नाही.' मग दौत बंद केली.

तारामती एक वर्ष ते बघत राहिली. माणूस जेवायचा, रानात जायचा, बोलायचासुद्धा. पण जेवून हात धुतल्यावर त्याला काय करावं ते कळायचं नाही. ज्या सवतीचा तिनं जन्मभर राग केला, तिच्यावाचून नवरा अर्धा झालेला ती बघत होती, आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

इकडे मी बस्तीत मजेत होते. उपाध्ये चातुर्मासात माझ्या उजव्या पानांवरचे आकडे वाचायचे. बोरगावचे म्हातारे डोळे मिटून समुद्राच्या तळाची माती ऐकायचे. ज्या पायगोंडाला त्यांनी जहाजावर गेला म्हणून बस्तीची पायरी चढू दिली नव्हती, त्याच्याच आकड्यांना हात जोडत होते. मी आतल्या आत हसत होते. हसू नको तर काय करू?

ऑगस्ट १९४७ मध्ये इंग्रज गेला. सप्टेंबरात एक दिवस पायगोंडाच्या दारात एक तरणा माणूस आला. मष्णू, नंदगडाजवळच्या खेड्यातला. सतरापैकी एक. संपानंतर त्याला आरमारातून काढलं होतं. हातात एक ओळीचा कागदसुद्धा दिला नव्हता.

"साहेब, बेळगावात यंत्रशाळेत जागा हाय," तो म्हणाला. "पर ते म्हणत्यात, आरमारात हुतास हे खरं कशावरनं? काडलं का, ते बी लिवून आण. चोरी-बिरी केलीस काय, असं इचारत्यात. माझ्या आईसमोर इचारलं."

पायगोंडानं त्याला जवळ बसवलं. मग म्हणाला, "लेकरा, माझ्याजवळ दिवस, वेळ, सगळं हुतं. आता न्हाय. तोंडी दाखल्यावर कोण इश्वास ठेवणार?" बायकोकडं त्यानं बघितलंही नाही. ते न बघणंच तिला लागलं.

तारामती उठली. "मष्णू, च्या घे. मी आले."

ती भर दुपारी बस्तीत गेली आणि उपाध्यांपुढे उभी राहून सगळं सांगितलं. एका दमात. वही कुणाची, समुद्र कुठला, फौजदार कशाला आलता, सगळं. म्हाताऱ्यानं ऐकलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी घाबरले. आता बस्तीच्या पायरीवरून फेकणार मला.

"म्हंजे," ते म्हणाले, "वर्सभर मी पायगोंडाचा समुद्र वाचत हुतो?"

"चुकलं अण्णा. मी फसवलं तुमास्नी."

"तू कुठं फसवलंस? तू सांगितलं न्हाईस, मी डावं पान वाचलं न्हाई. दोष निम्मा निम्मा." मग त्यांच्या पोटातून हसू आलं, म्हातारं अंग हलेस्तोवर. "आणि खोटं काय हाय ह्यात, आक्का? मोजून लिवलंय. न मोजता बोलणारी गावात लई हायत. त्यांच्यापरीस बरंच की." त्यांनी माझं पिवळं वेष्टन काढलं नाही. तसंच दिलं.

ती मला डोक्यावर घेऊन घरी आली. ओसरीवर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या. सवतीला आत घ्या. उनातनं आलीया, दमली आसंल."

पायगोंडानं गाठ सोडली. कॅनव्हास दिसला. त्यानं पहिली वही उघडली नाही, दुसरी नाही, सरळ अकरावी उघडली आणि ते पान काढलं. पान होतं. त्यानं शिवणीवरून बोट फिरवलं. सगळी पानं होती. मग त्यानं वाचायलाच सुरुवात केली.

"सकाळी साडेआठ. खलाशी मष्णू, नंदगड बाजूचा. ताट पुढं सरकवलं. म्हणाला, हे माझ्या बाच्या बैलाला बी घालणार न्हाय मी."

मष्णू हसायला लागला आणि हसता हसता त्यानं तोंड ओंजळीत घेतलं. "असंच म्हणलतो, साहेब. असंच म्हणलतो. चोर न्हवतो मी."

पायगोंडानं त्याला तारीखवार दाखला लिहून दिला. डाळीसकट, किड्यांसकट. पोर दोन्ही हातांत कागद धरून गेलं. पुढे बाकीची पोरंही आली, एक एक करून. ज्या पानानं त्यांना तुरुंगात घातलं असतं, तेच पान आता त्यांच्यासाठी उभं राहत होतं. म्हणून पान फाडायचं नसतं, मित्रांनो. कागदाला वेळ द्यावा लागतो.

मष्णू गेल्यावर पायगोंडानं ती नवी वही काढली, जिच्यात एकच ओळ होती. त्यानं 'वह्या जळाल्या. पुढे लिहिणे नाही' या ओळीवर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. खाली लिहिलं, 'चूक. वह्या आहेत.' आणि सही करायला टाक टेकवला.

"थांबा," तारामती म्हणाली. "दुरुस्ती करतो त्याची सही लागती, असं म्हणत हुता न्हवं?"

"व्हय."

"मग दुरुस्ती कुणी केली?"

त्यानं टाक तिच्या हातात दिला. लेकींच्या पाटीवर शिकलेली चार अक्षरं तिनं कपाळाला आठ्या घालून, हळूहळू लिहिली. तारामती. शेवटच्या अक्षराची वेलांटी वाकडी गेली. तिला ती खोडायची होती. त्यानं खोडू दिली नाही.

तीच माझी बारावी बहीण. आता आम्ही बारा जणी एकाच पिवळ्या कापडात असतो. पाठीत तंबाखूचं नवं पान आहे, आणि ते तिनं घातलंय.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच. तुमच्या घरात कुणाची तरी वही असेल, आजोबाची, नाहीतर चुलत्याची. तिच्यातलं तुम्हाला कळत नसेल. कळत नाही म्हणून चुलीत घालू नका आणि वाण्याला तर मुळीच देऊ नका. वर्षातून एक दिवस ती काढा, झटका, ओसरीवर वारा द्या, एक पान वाचा, कोरड्या कापडात बांधा. एवढं केलंत तरी पुष्कळ. मी तुमच्यावर रागावणार नाही. माझा राग तारामतीच्या त्या वाकड्या वेलांटीपाशी संपलाय.